पडद्यावरचे नाटक आणि मध्यंतराचा चहा

आपल्या भाषेत माणूस टीव्ही पाहतो, पण नाटकाला जातो. ‘काल आम्ही टीव्हीला गेलो होतो’ असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच, तर शेजारीपाजारी त्याच्याकडे काळजीने पाहू लागतील. ‘नाटकाला गेलो होतो’ एवढे म्हटले मात्र, की त्यात पुष्कळ काही येते. लवकर उरकलेला स्वयंपाक येतो, कपाटातून निघालेले बरे कपडे येतात, रिक्षावाल्याशी झालेली हुज्जत येते, तिसरी घंटा येते, मध्यंतरातला बटाटेवडा येतो आणि परतीच्या वाटेवर ‘पहिला अंक छान होता हो, पुढे जरा पडला,’ हा निकालही येतो. या सगळ्याच्या मधोमध कुठेतरी नाटक असते.

हे आरंभीच सांगण्याचे कारण असे, की आज मला बोलायचे आहे ते पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या नाटकाविषयी. नाटकावरून काढलेला सिनेमा वेगळा. तो पुन्हा नव्याने लिहिलेला असतो, त्यात डोंगर-नद्या येतात, घोडे धावतात. मी म्हणतो ते असे: एखाद्या नाट्यगृहात रात्री प्रेक्षकांसमोर प्रयोग चालू आहे, सभागृहात पाचसात कॅमेरे लावलेले आहेत, त्यांनी टिपलेला तो प्रयोग त्याच वेळी किंवा काही दिवसांनी दूरच्या गावी, दूरच्या देशी, पडद्यावर दाखवतात. तिकीट काढून लोक तो पाहतात. हल्ली परदेशात, आणि थोड्या प्रमाणात आपल्याकडेही, अशी कलागृहे उभी आहेत की जिथे एका छपराखाली सिनेमा आहे, जिवंत नाटक आहे, पडद्यावरचे नाटक आहे आणि पोटापाण्याचीही व्यवस्था आहे. इंग्लंडात मँचेस्टर शहरी २०१५ साली ‘होम’ नावाचे असे एक घर उघडले. त्यात पाच चित्रपटगृहे, दोन नाट्यगृहे, चित्रांचे एक दालन आणि उपाहारगृह. नाव मोठे सूचक आहे. घर म्हटले की स्वयंपाकघर हवेच.

मी विलायत पाहिलेली नाही. तिकडचे जे सांगणार ते वाचून-ऐकून. पण पडद्यावरचे नाटक मी पाहिले आहे, आणि त्या दिवशी मला एक प्रश्न विचारला गेला, त्याचे उत्तर मी अजून शोधतो आहे.

त्याचे असे झाले. मी एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला शेक्सपियरचे ‘हॅम्लेट’ होते. वर्गात ‘हॅम्लेट’ शिकवणे म्हणजे पोहण्याचे धडे फळ्यावर देणे. मुलांना शब्दार्थ येतात, टिपा येतात, परीक्षेत गुणही पडतात. पण हे माणसांनी माणसांसमोर उभे राहून बोलायचे असते ही गोष्ट काही केल्या त्यांच्या गळी उतरत नाही. कारण आमच्या आठ जणांच्या त्या वर्गात रंगमंचावरचे पूर्ण नाटक पाहिलेली मुले होती दोन. गावात नाट्यगृह आहे, नाही असे नाही. त्याचे पुढे सांगतो.

मुंबईला नरिमन पॉइंटच्या टोकाशी, अगदी समुद्राला लागून, एन.सी.पी.ए. ही संस्था आहे. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या खटपटीतून ती १९६९ साली स्थापन झाली. तिचे टाटा थिएटर १९८० साली सुरू झाले, तर जमशेद भाभांच्या नावाचे मोठे नाट्यगृह १९९९ साली. या आवारात लंडनच्या नॅशनल थिएटरने पडद्यासाठी तयार केलेली नाटके दाखवली जातात. तिथे ‘हॅम्लेट’ आहे असे कळले. २०१५ साली लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात झालेला, बेनेडिक्ट कंबरबॅच या नटाचा तो प्रयोग. आम्ही रात्रीची एस.टी. पकडली. पहाटे दादर, दिवसभर मुंबई, संध्याकाळी चर्चगेटला उतरून पायी नरिमन पॉइंट. मुलांनी चांगले कपडे पिशवीत घालून आणले होते, ते त्यांनी स्टेशनातल्या प्रतीक्षालयात बदलले. मी काही सांगितले नव्हते. नाटकाला जायचे तर असे जायचे, हे त्यांना न सांगता ठाऊक होते.

सभागृह लहान, सुमारे दोनशे खुर्च्यांचे. दिवे मंदावले. पडद्यावर प्रथम काय दिसले? दुसरे सभागृह! तिथले लोक आपापल्या जागा शोधताहेत, कोट काढताहेत, पुस्तिका चाळताहेत. आपल्यासारखेच वाट पाहणारे लोक. मग तिकडचे दिवे मंदावले, आणि हॅम्लेट एकटा बसून ग्रामोफोन ऐकतो आहे असे दृश्य उघडले. तीनएक तासांनी शेवटचे प्रेत पडले. नट वाकून नमस्कार करू लागले. तिकडचे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले. तेव्हा माझ्या शेजारची विद्यार्थिनी हलक्या आवाजात मला म्हणाली, ‘सर, आपण टाळ्या वाजवायच्या का?’

मी क्षणभर गोंधळलो. सभागृहात निम्मे लोक वाजवत होते, निम्मे नव्हते. ज्याला टाळी द्यायची तो नट हजारो मैल दूर. इतकेच नव्हे, तर त्याची ती रात्र केव्हाच होऊन गेलेली. टाळी पोचणार कोणाला? आणि न वाजवावी, तर इतका वेळ आपण जे केले ते काय केले?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १८८१ साली पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे क्लेमाँ आदेर नावाच्या गृहस्थाने एक करामत केली. ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक बसवले, तारा प्रदर्शनापर्यंत आणल्या आणि लोकांना दोन्ही कानांना दोन नळ्या लावून तिकडचे गाणे इकडे ऐकवले. लोक रांगा लावून ऐकत. पुढे ही सोय पॅरिसमध्ये वर्गणी भरून घरबसल्याही मिळू लागली. मग आकाशवाणीचे युग आले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहातून मोत्सार्टचा ‘मॅजिक फ्लूट’ हा ऑपेरा बी.बी.सी.ने जानेवारी १९२३ मध्ये प्रक्षेपित केला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने १९३१ च्या नाताळापासून आपले प्रयोग रेडिओवर ऐकवायला सुरुवात केली. गंमत पाहा, याच मेट्रोपॉलिटनने ३० डिसेंबर २००६ रोजी चित्रपटगृहांतून थेट प्रयोग दाखवण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हाही पहिला मान ‘मॅजिक फ्लूट’लाच मिळाला. त्याच्या पाठोपाठ लंडनचे नॅशनल थिएटर उतरले. २५ जून २००९ रोजी हेलन मिरेन या अभिनेत्रीचे ‘फेद्र’ हे नाटक देशोदेशींच्या चित्रपटगृहांत एकदम दिसले. त्या दिवसापासून ही चाल रूढ झाली असे म्हणायला हरकत नाही.

मधल्या काळात एक मोठा विचित्र प्रयत्न होऊन गेला होता. १९६४ साली न्यूयॉर्कला रिचर्ड बर्टन ‘हॅम्लेट’ करत होता. बसवले होते जॉन गिलगुड यांनी. तालमीच्या साध्या कपड्यांतच प्रयोग करायचा अशी त्यातली कल्पना. त्याचे कॅमेऱ्यांनी चित्रण केले आणि अमेरिकेतल्या सुमारे हजार चित्रपटगृहांत ते सप्टेंबरात फक्त दोन दिवस दाखवले. करार असा होता, की त्यानंतर सगळ्या प्रती नष्ट करायच्या! का? तर नाटक हे विरून जाणारे असते. म्हणून त्याच्या चित्रणानेही विरून गेले पाहिजे. मला या कराराचे हसू येते आणि कौतुकही वाटते. करार करणाऱ्यांना नाटकाचा स्वभाव कळला होता. माणसाचा कळला नव्हता. १९८४ साली बर्टन वारल्यावर त्याच्या घरी एक प्रत निघाली.

आता आपल्या घरातली गोष्ट. १८ मे १९१२ या दिवशी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘श्री पुंडलिक’ नावाचा बोलपट— चुकलो, मूकपट— लागला. तो काढणारे रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे हे मूळचे मालवणकडचे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षाने. तरीही पहिला भारतीय चित्रपट म्हणून मान फाळक्यांना. तोरण्यांच्या विरुद्ध जी कारणे देतात त्यांत मुख्य हे, की ‘पुंडलिक’ हे एका मराठी नाटकाचेच चित्रण होते. कॅमेरा एका जागी ठेवला आणि समोर नाटक केले. शिवाय कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फीत धुऊन आणली लंडनहून.

या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. फाळक्यांचे मोठेपण त्याने तसूभरही उणे होत नाही. पण मला नेहमी वाटते, की तोरण्यांना आपण सिनेमाच्या पंगतीतून उठवले ते ठीक; पण मग त्यांना दुसऱ्या कुठल्या पंगतीला बसवायचे याचा विचारच केला नाही. नाटकवाले म्हणणार, तो सिनेमा. सिनेमावाले म्हणणार, ते नाटक. एन.सी.पी.ए.च्या सभागृहात टाळ्यांसाठी उचललेले हात अर्ध्यावर थांबले, ते याच घोटाळ्यामुळे.

तेव्हा मुळात फरक कशात आहे ते जरा पाहू. नाट्यगृहात रंगमंच सबंध समोर असतो आणि त्यावर कुठे बघायचे ते ठरवणारे तुम्ही असता. ‘हॅम्लेट’मध्येच याचा उत्तम नमुना आहे. आपल्या काकाने बापाचा खून केला की नाही याची खात्री करून घेण्यासाठी हॅम्लेट दरबारात एक नाटक करवतो. नाटकात खुनाचा प्रसंग आहे. म्हणजे रंगमंचावर एकाच वेळी तीन गोष्टी चालल्या आहेत: नट खून करताहेत, राजा ते पाहतो आहे, आणि हॅम्लेट राजाला पाहतो आहे. आपल्या मित्रालाही त्याने बजावून ठेवले आहे, की तू राजाच्या तोंडावर नजर ठेव. नाट्यगृहात बसलेल्या पाचशे माणसांचे डोळे त्या वेळी पाचशे ठिकाणी फिरत असतात. कोणी राजाकडे बघतो, कोणी राणीकडे. एखादा रसिक कोपऱ्यातल्या भालदाराकडेच बघत बसतो. तोही त्याचा हक्क आहे. पडद्यावर मात्र हे स्वातंत्र्य जाते. तिथे तुमच्या वतीने दुसराच कोणी बघत असतो, आणि त्याने राजाचा चेहरा दाखवला की तुम्हाला राजाचाच चेहरा पाहावा लागतो.

हा ‘दुसरा कोणी’ म्हणजे चित्रणाचा दिग्दर्शक. त्याचे काम दिसते त्याहून फार अवघड आहे. तो नाटक कित्येकदा पाहतो, संहितेच्या प्रत्येक वाक्याशेजारी कुठला कॅमेरा, किती जवळून, याची खूण करतो. कॅमेऱ्यांसाठी सभागृहातल्या काही खुर्च्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. आधी कॅमेऱ्यांसह तालमी होतात. प्रकाशयोजना थोडी बदलतात, रंगभूषा जरा सौम्य करतात, कारण विसाव्या रांगेसाठी काढलेली भुवई पडद्यावर काजळाच्या डबीसारखी दिसते. आणि खरी पंचाईत नटाची. त्याने आवाज टाकायचा कोणासाठी? समोरच्या शेवटच्या रांगेसाठी टाकला, तर पडद्यावर तो ओरडल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्यासाठी आवरला, तर ज्यांनी पैसे मोजून तिकीट काढले ते शेवटच्या रांगेतले लोक उपाशी राहतात.

आपल्याकडे या अडचणीचा इतिहास मोठ्या नावांशी जोडलेला आहे. बालगंधर्वांनी १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथांची भूमिका केली. दिग्दर्शक व्ही. शांताराम. रंगभूमी आणि चित्रपट यांतली त्या काळची दोन मोठी माणसे एकत्र आली होती. तरी तो योग एका चित्रपटावरच थांबला. ज्या गळ्याला समोरून ‘वन्स मोअर’ मिळायची सवय, त्याने निर्जीव यंत्रापुढे गावे कसे? पडद्यावरच्या नाटकात निदान ही अडचण तरी टळते. तिथे यंत्र असते, पण यंत्राच्या मागे-पुढे माणसेही बसलेली असतात. नट विनोद करतो, लोक हसतात, हशा ओसरेपर्यंत नट थांबतो. हे थांबणे चित्रपटात नसते. पडद्यावरचे नाटक हा सिनेमा नव्हे असे मी म्हणतो, ते या थांबण्याच्या जोरावर. तिकडच्या हशात आमच्या मुलांचा हशा मिसळला, तेव्हा लंडनचे कोण आणि तालुक्याचे कोण हे ओळखू येईना.

मध्यंतर झाले. बार्बिकनच्या त्या प्रयोगात पूर्वार्धाच्या शेवटी राजवाड्याच्या दारांतून मातीचा लोट आत घुसतो, आणि मध्यंतरानंतर पडदा उघडतो तेव्हा झगमगता दिवाणखाना काळ्या मातीच्या ढिगाऱ्यांनी भरलेला असतो. आम्ही बाहेर चहा प्यायलो तो या दोहोंच्या मधे. एक मुलगा नंतर म्हणाला, ‘सर, आपण चहा पीत होतो तेवढ्यात त्यांचं घर पडलं.’ मी ‘हॅम्लेट’वर पुष्कळ टीकाग्रंथ वाचले आहेत. एवढे नेमके वाक्य मला त्यांत आढळलेले नाही.

आणि इथे मी चहापाण्याच्या मुद्द्याकडे वळतो. व्याख्यानात खाण्याचा विषय काढला की तो विनोदासाठी काढला असे समजतात, तसे नाही. मध्यंतर ही नाटकाची गरज आहे. पहिल्या भागात जे डोक्यात भरले ते दुसऱ्याला सांगायला जागा हवी, वेळ हवा, हातात काहीतरी गरम हवे. शिवाजी मंदिरातला किंवा बालगंधर्व रंगमंदिरातला बटाटेवडा हा मराठी नाट्यसमीक्षेचा एक आधार आहे असे मी म्हटले, तर विद्वानांनी रागावू नये. वडा हातात असताना माणूस खरे बोलतो. ‘काही दम नाही’ हे मत मध्यंतरात वड्याबरोबरच पहिल्यांदा उच्चारले जाते. वर्तमानपत्रात ते नंतर, बरेच सौम्य होऊन येते.

लंडनच्या नॅशनल थिएटरची इमारत थेम्सच्या दक्षिण काठावर १९७६ साली उभी राहिली. तिच्यात नाट्यगृहे तीन. पण वास्तुशिल्पकार डेनिस लास्डन हे प्रेक्षागृहांबाहेरच्या ऐसपैस ओवऱ्यांना चौथे नाट्यगृह म्हणत. म्हणजे लोकांनी तिथे यावे, बसावे, खावे-प्यावे, एकमेकांना पाहावे. तेही एक नाटकच. तिथून जवळच रॉयल फेस्टिव्हल हॉल आहे. १९८३ साली त्याच्या ओवऱ्या तिकडच्या नगरशासनाने दिवसभर सर्वांना खुल्या केल्या. तिकिटाची अट नाही. नुसते येऊन बसा. कोणी अभ्यासाला येतो, कोणी उन्हापावसात टेकायला. आज आला तो उद्या तिकीट काढील, हा हिशेब त्यामागे असेल. नसला तरी बिघडले नाही. आपल्याकडे जुहूला १९७८ साली शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी पृथ्वी थिएटर उभारले. तिथल्या उपाहारगृहातही असाच राबता असतो. नाटक न पाहताच परतणारेही त्यात पुष्कळ. पण आज कोणते नाटक आहे एवढे तरी त्यांना कळते. आमच्याकडे नाट्यगृहात आज काय आहे ते दाराला लागलेले कुलूप सांगते.

उलट बाजूचा अनुभव मला, आणि तुम्हालाही, २०२० साली आला. सगळे घरात कोंडले गेले होते. नाट्यगृहे बंद. त्या एप्रिलच्या २ तारखेपासून नॅशनल थिएटरने आपल्या संग्रहातली नाटके दर गुरुवारी एक, अशी आठवडाभर फुकट पाहायला इंटरनेटवर ठेवली. पहिले होते ‘वन मॅन, टू गव्हनर्स’. त्यात एक भुकेला नोकर आहे, त्याला एकाच वेळी दोन मालकांना जेवण वाढावे लागते आणि स्वतःच्या तोंडात मात्र घास पडत नाही. तुफान विनोदी प्रसंग आहे. मी तो फोनवर पाहिला. पाहताना कुकरची शिट्टी झाली, थांबवला. पुन्हा लावला. आईने हाक मारली, थांबवला. नोकराच्या हातातले सूप चार वेळा हवेत लोंबकळत राहिले. शेवटी ‘उरलेले उद्या पाहू’ म्हणून ठेवून दिले, आणि तो उद्या काही उजाडला नाही. नाटक तेच होते, नट तेच, चित्रणही उत्तम होते. पाहणाराच काय तो नाटकाला गेला नव्हता.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की पडद्यावरच्या नाटकाला नाटकपण देण्याचे काम निम्मे कॅमेरे करतात आणि निम्मे सभागृह करते. ठरलेली वेळ, जाण्याची दगदग, अंधारात शेजारी बसलेली अनोळखी माणसे, मधला चहा. लंडनचा सात वाजताचा प्रयोग आपल्याकडे थेट दाखवायचा म्हटले, तर उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात मध्यरात्री साडेबारा वाजतात. तेव्हा आपण पाहतो ती बहुधा साठवलेली प्रत. पण त्याने काही बिघडत नाही. क्षण त्यांचा आणि आपला एक नसला, तरी आपला आपल्यापुरता एक असला म्हणजे झाले.

या मताला थोडा आधारही आहे. इंग्लंडातल्या नेस्टा या संस्थेने ‘फेद्र’च्या प्रेक्षकांची पाहणी करून २०१० साली निष्कर्ष छापले. नाट्यगृहात बसलेल्यांपेक्षा चित्रपटगृहात बसलेल्यांनी आपण भावनेने अधिक गुंतलो असे सांगितले! नाटकवाल्यांना हे ऐकून धक्का बसला असेल. मला फारसा बसला नाही. जवळून दिसलेला चेहरा हे एक कारण असणारच. पण ज्याला एरवी ते नाटक या जन्मी दिसले नसते, तो जास्त गुंतणारच ना? पंक्तीत उशिरा बसलेल्याची भूक मोठी असते.

दुसरी भीती अशी, की पडद्यावर थोरामोठ्यांचे नाटक मिळू लागले, तर गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळ्यांना कोण विचारणार? या दृष्टीनेही तिकडे अभ्यास झाला, आणि २०१४ साली आलेल्या निष्कर्षात नाट्यगृहांचा प्रेक्षक त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. हे वाचून मात्र माझे पुरते समाधान होत नाही. तिथे नाट्यगृहे चालू होती. चालू असलेल्या गोष्टीला धक्का लागला नाही, इतकेच यातून कळते. आमच्यासारख्या ठिकाणी प्रश्न निराळा आहे. आमच्या गावच्या नाट्यगृहात वर्षातून नाटके होतात तीनचार. एरवी साड्यांचे सेल, सत्कार, शिबिरे आणि लग्ने. रंगमंचाच्या फळ्या उखडल्या आहेत, स्वच्छतागृहाबद्दल न बोललेले बरे. उपाहारगृहाची जागा नकाशात आहे. प्रत्यक्षात तिथे मोडक्या खुर्च्यांची रास आहे. मुंबईची मंडळी एकदा येतात, आणि पुन्हा या म्हटले की तारीख नाही म्हणतात. अशा गावात पडद्यावरचे नाटक आले, तर ते कोणाची जागा घेणार? आधी जागा भरलेली तर हवी! पण उद्या नगरपालिकेतला कोणी शहाणा म्हणाला, की पडदा टांगला, आता फळ्या कशाला दुरुस्त करायच्या, तर त्याला काय उत्तर द्यायचे, हे मात्र आपण आधीच ठरवून ठेवलेले बरे. माझे उत्तर ठरलेले आहे: आधी फळ्या, मग पडदा. पडद्यावर नाटक पाहून ज्या पोराला नाटक करावेसे वाटेल, त्याला उभे राहायला जागा कुठली?

मराठी नाटकांची चित्रणे झालेली नाहीत असे नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि कित्येक चांगली नाटके आपल्या पिढीने प्रथम पाहिली ती तिथेच, शेजाऱ्यांच्या घरी, सतरंजीवर बसून. पुढे ध्वनिचित्रफिती आल्या, तबकड्या आल्या. पु. ल. देशपांड्यांची ‘वाऱ्यावरची वरात’ अशीच घरोघर पोचली. लक्षात घ्या, तेव्हाही ते पाहणे म्हणजे शेजाऱ्यांकडे जाणे होते. सतरंजी होती, गर्दी होती, कोणाच्या तरी आईने दिलेला चिवडा होता.

मुंबईहून परतल्यावर आमच्या आठ जणांनी ठरवले, की कॉलेजच्या सभागृहात आपणही एक मराठी नाटक पडद्यावर दाखवायचे. रीतसर परवानगी मिळवण्यात दोन महिने गेले. ते बरेच झाले, मुलांना कळले की नाटकाला मालक असतो. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केला. पिटातल्या खुर्च्यांवर खडूने आकडे घातले. कॉलेजची पितळी घंटा शिपायाने तीनदा दिली. तिसरीनंतर आलेल्या दोघा प्राध्यापकांना मुलांनी दाराशी थांबवून ठेवले, ते मला अंमळ आवडले. मध्यंतर पंधरा मिनिटांचे. कॅन्टीनच्या मावशींना सव्वाशे वडे सांगितले होते. माणसे आली दोनशेच्या वर.

शेवटी नट वाकले, तेव्हा टाळ्यांचा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही. सगळ्यांनी वाजवल्या. बाहेर पडताना गावातले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांनी तरुणपणी इथल्याच रंगमंचावर कामे केली आहेत, माझा हात धरून म्हणाले, ‘प्रयोग ठीक झाला, मास्तर. पण वडे पहिल्या पाच मिनिटांत संपले. पुढच्या वेळी तीनशे सांगा.’